निराधार कोणाले म्हणता?

वर्षाचे २१,००० म्हणजे घरामागं दिवसाला साडेसत्तावन्न रुपये! घाटंजीतल्या निंदणाला जाणाऱ्या विधवेच्या घरात याहून जास्त आले की 'संजय गांधी निराधार' योजनेत ती निराधार उरत नाही. हे गणित कोण्या मायच्या लालानं मांडलं? २०२३ साली अनुदान १,००० चं १,५०० केलं; अट तशीच ठेवली. म्हणजे खोटं लिहा, नाहीतर उपाशी मरा. दलाल यातूनच पोसला जातो.

ही भीक नाही, हक्क आहे. अर्जाची पोच घ्या. उत्पन्नाचा दाखला अडवला की लेखी कारण मागा, अपील ठोका. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. वकील पाहिजे? १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीला तो फुकट, कमाई न विचारता. एकट्या बाईले बाबू हाकलतो. मी येतो, तुम्ही या. अख्ख्या वस्तीले हाकलून दाखव म्हणावं!