चालावे मागच्याच्या पावलाने

वाचकहो, सहलीचा विषय निघाला की आपल्या घरांत एकच उत्तर मिळते, "ते पैसेवाल्यांचे काम." आम्हीही वर्षानुवर्षे हेच म्हणत आलो. गेल्या सप्टेंबरअखेर मात्र एक रविवार काढून आम्ही घरची आठ माणसे गडहिंग्लजहून आंबोलीला गेलो. त्या दिवसाचा जमाखर्च आज मांडत आहोत.

आमची आक्का आमच्याहून पंधरा वर्षांनी मोठी. तिला निपाणीला दिलेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि निपाणी पलीकडच्या राज्यात गेली. त्यामुळे आमचे माहेर-सासर एका एस.टी.च्या अंतरावर असले, तरी मध्ये राज्याची सीमा आहे. आक्काने उभा जन्म विड्या वळल्या. वळतील तेवढ्याचेच पैसे. हात थांबला की मजुरी थांबली. सहलीचे विचारताच ती म्हणाली, "मी काय हिंडून करू बाबा? दिवस बुडंल माझा." आम्ही म्हटले, "एक दिवस बुडू दे, आक्का." ती आदल्या संध्याकाळी आली.

खर्चाचे म्हणाल, तर मार्च २०२३ पासून आपल्या एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. भाकरी, खर्डा आणि पिठले घरचेच. भाकऱ्या रात्री सर्वांनी मिळून केल्या, मुलांनीसुद्धा. सहलीच्या दिवशी बायकांनी पहाटे चारला चूल पेटवायची असेल, तर ती सहल कोणाची?

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच, सह्याद्रीच्या माथ्यावर वसली आहे. खाली कोकण, दक्षिणेला गोवा, पूर्वेला कर्नाटक, सारेच जवळ. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. माथ्याच्या पश्चिम उतारावरचे पाणी अरबी समुद्राला मिळते, पूर्वेकडचे बंगालच्या उपसागराला. मुलांना हे पुस्तकात कळत नाही, तिथे उभे केले की कळते.

स्टँडवर उतरून आम्ही हिरण्यकेशीच्या उगमाकडे पायी निघालो. अंतर साधारण पाच किलोमीटर. मुले पुढे पळाली, त्यांच्यामागे आम्ही. गवतातल्या जळवा दाखवण्यात आणि त्या सोडवायला मीठ कसे लावायचे हे सांगण्यात आम्ही रंगून गेलो. अर्ध्या वाटेवर सौ.ने विचारले, "आक्का कुठाय?"

मागे वळून पाहिले तर रस्ता मोकळा. पोटात धस्स झाले. धावत मागे गेलो. एका चढाच्या पायथ्याशी दगडावर आक्का बसली होती. तंबाखूची धूळ खाल्लेली तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आम्ही घाबरून काही बोलणार, तोच म्हणाली, "तुमी जावा पुढं. मी हितंच बसती. माझ्यामुळं पोरांचा खोळंबा नको."

वाचकहो, हे वाक्य तिने जन्मभर म्हटले आहे. आमच्या शिक्षणाच्या वेळीही हेच म्हटले. आम्ही बी.कॉम. झालो, ती मागे बसून राहिली. त्या दगडापाशी आम्हाला आमचीच लाज वाटली.

मग क्रम बदलला. आक्का सर्वांत पुढे, बाकीचे तिच्यामागे. ती थांबली की सगळे थांबणार. दुप्पट वेळ लागला, पण उगमाला आठही जण पोहोचलो.

देवळाजवळच्या गुहेतून पाणी बाहेर येते. त्या कुंडातील माशाची एक जात जगात नवीन असल्याचे २०२० साली अभ्यासकांनी सिद्ध केले, आणि २०२१ साली शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. बोटभर माशाला एवढा मान! आक्का मात्र पाण्याकडेच पाहत होती. "हीच का रे आपली नदी?" हीच. गडहिंग्लजच्या घाटावर लहानपणी तिने हिच्यातच धुणी धुतली. हीच पुढे संकेश्वराकडे सीमा ओलांडून घटप्रभेला मिळते, आणि घटप्रभा कृष्णेला. नदीला कोणी राज्य विचारत नाही. आक्काने ओंजळभर पाणी तोंडावर मारले आणि बराच वेळ बसून राहिली. या खेपेला तिला दम लागला म्हणून नव्हे.

जाणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. कावळेसादच्या कड्यावर कठडा ओलांडू नका. २०१७ च्या पावसाळ्यात दारूच्या नशेत तो ओलांडलेले दोन तरुण दरीत कोसळले. सहलीत बाटली नकोच; ती घर बुडवते, तिथे तर जीवही घेते. प्लास्टिक पिशवीत भरून परत आणा.

आणि निघताना घरातले सर्वांत हळू चालणारे माणूस कोण, ते आधी पाहा. त्याला पुढे ठेवा. आक्काचा एक दिवस बुडाला खरा. पण जाताना तीच विचारून गेली, "पुढच्या साली कुठं?"