कोल्हापूर–नागपूर : विमानाचा दीड तास आणि आपला अख्खा दिवस

मित्रांनो, कोल्हापूर–नागपूर विमानाचा विषय निघाला की एकच आकडा सगळीकडे फिरतो – दीड तास! आकडा खोटा नाही. पण नुसत्या त्या आकड्यावर आपलं काम भागत नाही.

आधी अंतर बघू. उजळाईवाडीपासून नागपूरच्या सोनेगावपर्यंत नकाशावर सरळ रेघ मारली की साधारण ७०० किलोमीटर भरतात. जेट विमानाला सव्वा ते दीड तास, पंख्याच्या एटीआरला पावणेदोनच्या आसपास. रस्त्याने हेच अंतर ८०० च्या वर जातं. आणि आपली महाराष्ट्र एक्सप्रेस? मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा राज्याला वळसा घालत नागपूर गाठायला चोवीस तासांहून जास्त घेते.

आता गडहिंग्लजच्या माणसाचा हिशेब करू. घरातून उजळाईवाडीला यायला दीड तास. काउंटर सुटायच्या तासभर आधी बंद होतो, म्हणजे त्याआधी हजर राहायचं. मग उड्डाण, सामान, पुढे शहरात जाणं. सगळं धरून पाच-सहा तास. रेल्वेपुढे हेही सोनंच आहे. पण कधी? थेट विमान असेल त्या दिवशीच.

थेट नसेल तर मुंबईवरून जा. कोल्हापूर–मुंबई हवाई अंतर ३०० च्या आसपास, मुंबई–नागपूर ७०० च्या जवळ. म्हणजे ७०० किलोमीटरसाठी जवळपास १००० किलोमीटर उडायचं, दोन तिकिटांचे पैसे मोजायचे आणि मधले काही तास मुंबईच्या विमानतळावर बसून काढायचे. दीड तासाचा कुठे पत्ता लागतो सांगा?

हा प्रवास हौशीचा नाही. डिसेंबरात अधिवेशन नागपूरला. दीक्षाभूमीला जाणारे आपल्याकडचे लोक आहेत, तिकडून अंबाबाईला येणारे आहेत. शिकणारी पोरं आहेत, व्यापारी आहेत.

आता खरी मेख. उडान योजनेत कंपनीला तोटा भरून काढायला तीन वर्षं सरकारी मदत मिळते. ती संपल्यावर काय होतं, ते कॅगच्या २०२३ च्या अहवालात आहे. देशभरात दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यातले ५४ च टिकून होते. म्हणजे फीत कापणं सोपं, चौथ्या वर्षी विमान उडवणं अवघड.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या खासदार-आमदारांना "विमान कधी?" एवढंच विचारू नका. आठवड्यात किती दिवस? सकाळी जाऊन काम उरकून दुसऱ्या दिवशी परत येता येईल अशी वेळ आहे का? मदत संपल्यावर काय? आणि गडहिंग्लज, इचलकरंजी, निपाणीहून विमानाच्या वेळेला जुळणारी एसटी आहे का? हे चार प्रश्न विचारा.

विमान किती वेगात उडतं, त्यापेक्षा ते किती नेमानं उडतं, याच्यावर सामान्य माणसाचा दिवस वाचतो.

तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये लिहा, पटलं तर पुढे पाठवा.