फिट येणाऱ्याने गाडी चालवावी का?

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. सकाळची गर्दी ओसरल्यावर एक ओळखीचे शेतकरी गृहस्थ दवाखान्यात आले. वय ४२, गाव इथून नऊ किलोमीटर. रोज पहाटे मोटारसायकलला दुधाचे दोन कॅन अडकवून डेअरीला यायचे. त्या दिवशी हातात आरटीओचा कागद होता, नमुना १-अ. "डॉक्टरसाहेब, लायसनची मुदत संपली. तेवढी सही करा, म्हशींचं बघायचंय."

चाळिशी उलटल्यावर लायसनसाठी डॉक्टरचा दाखला लागतो. अर्जदार गाडी चालवायला योग्य आहे, असे त्यात डॉक्टरला लिहून द्यावे लागते, आणि या अर्जदाराला अपस्मार होता. अपस्मार म्हणजे आपल्याकडची फिट, फेफरे किंवा मिरगी. सहा वर्षे हे गृहस्थ माझ्याकडूनच फिटच्या गोळ्या नेत होते आणि चारच महिन्यांपूर्वी त्यांना गोठ्यात फिट आली होती. मी सही केली नाही. ते बराच वेळ कागदाकडे पाहत बसले. मग म्हणाले, "मग दूध कोण घालणार?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पण सही न केल्याचे मला आजही वाईट वाटत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. दहा सेकंद शुद्ध हरपली, तर १४० मीटर गाडी कोणीच चालवत नसते. शाळा सुटायच्या वेळी आपल्या बाजारपेठेत १४० मीटरमध्ये किती पोरे असतात, ते प्रत्येकाने मनाशी मोजावे.

मात्र माझी तक्रार वेगळीच आहे. चाळिशीच्या आतला माणूस नमुना १ स्वतः भरतो. त्यात अपस्मार आहे का, एकाएकी शुद्ध हरपते किंवा चक्कर येते का, असे विचारले आहे. उत्तर हो किंवा नाही. ज्या आजाराने गाडी चालवणे लोकांना धोक्याचे ठरेल, त्या माणसाला लायसन नाकारावे, असे १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ८ सांगते. पण किती काळ फिट आली नाही म्हणजे धोका टळला, याचा आकडा ना कायद्यात आहे, ना नियमांत. गोळ्या घेऊन पाच वर्षे ठणठणीत असलेला आणि परवा रस्त्यावर पडलेला, दोघांना रकाना एकच!

मग लोक काय करतात? 'नाही' लिहितात. खरे 'हो' लिहिलेला एकही पेशंट मला अजून भेटलेला नाही. आणि एकदा आरटीओत लपवले, की माझ्याकडेही लपवणे आले. "फिट आली का?" विचारले, तर पेशंट "नाही" म्हणतो आणि मागे उभी असलेली बायको खाली मान घालते. मी गोळी वाढवत नाही. पुढची फिट गाडीवर येते.

इतर देशांनी यावर वाट काढली आहे. ब्रिटनमध्ये साधारणपणे वर्षभर फिट आली नाही, तर मोटारसायकल आणि मोटारीचे लायसन मिळते. ट्रक आणि बससाठी मात्र दहा वर्षे फिट नको, तीही गोळ्यांशिवाय. जपानमध्ये २००२ पर्यंत अशा पेशंटांना सरसकट बंदी होती. ती उठवून दोन वर्षांची अट आली. पुढे एप्रिल २०११ मध्ये कानुमा या गावी शाळेत निघालेल्या मुलांवर एक क्रेनगाडी चढली आणि सहा मुले गेली. ड्रायव्हरला फिट येत असे. त्याने लायसन घेताना ते लपवले होते, आदल्या रात्रीची गोळीही घेतली नव्हती. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. देश हादरला, पण जुनी बंदी परत आली नाही. २०१४ पासून खोटे उत्तर देणाऱ्याला शिक्षा ठेवली. खरे सांगणाऱ्याला दार उघडे आहे, लपवणाऱ्याला दंडुका आहे. मला हे शहाणपणाचे वाटते.

आपल्याकडे कायदा बदलत नाही असेही नाही. हिंदू विवाह कायद्यात वेड आणि अपस्मार एकाच ओळीत होते. १९९९ मध्ये त्यातून अपस्मार काढला गेला. तसाच वर्षभराचा स्पष्ट नियम खासगी दुचाकी-मोटारीसाठी यावा, सोबत तज्ज्ञाचा दाखला आणि दरवर्षी तपासणी असावी, असे माझे मत आहे. एस.टी., ट्रक, वडाप, शाळेची रिक्षा यांना यात सूट नको.

तोवर माझ्या पेशंटांना मी जे बजावतो, तेच इथे लिहितो. गोळी एक दिवसही चुकवू नका. आपल्याकडे गोळी चुकते ती बहुधा उपवासाला, आणि झोप मोडते ती गणपतीत, हळदीत, जागरण-गोंधळात. फिट यायला या दोन गोष्टी पुरतात. त्यात दारू मिळाली तर बघायलाच नको. बरे वाटते म्हणून परस्पर गोळ्या बंद करू नका. ब्रिटनमध्ये तर गोळ्या कमी करताना आणि शेवटच्या गोळीनंतर सहा महिने गाडी चालवू नका असेच सांगतात. "मला आधी कळतं, मी गाडी बाजूला घेईन" या भरवशावर राहू नका. दर वेळी कळेलच असे नाही. आणि फिट म्हणजे फक्त हातपाय झाडून पडणे नव्हे. बोलता बोलता क्षणभर हरवणे, हातातला कप सुटणे, हेही सांगा. पेशंटला ते स्वतःला कळत नाही, म्हणून तारखेची वही घरच्यांनी ठेवावी.

त्या गृहस्थांची वही त्यांची बायको ठेवते. दुसऱ्या डॉक्टरची सही मिळाली असती, हे त्यांना ठाऊक होते, पण ते गेले नाहीत. बाईंनी दोन महिन्यांत स्कूटी शिकून लायसन काढले. आता पहाटे पुढे त्या, मागे हे कॅन धरून. पहिल्या आठवड्यात पारावरची मंडळी हसली, मग त्यांनाही सवय झाली.

परवा दोघे वही घेऊन आले. गोळी वाढवल्यापासून १७ महिने एकही नोंद नाही. "आता चालवू का?" त्यांनी विचारले. मागच्या वेळी त्यांचा आजारच 'नको' म्हणत होता, म्हणून मी सही नाकारली. या वेळी माझे वैद्यकीय मत 'चालेल' असे होते. नमुना १-अ पुढ्यात होता, कायदा तोच होता आणि अपस्मार आहे का, याचे खरे उत्तरही तेच, 'हो'. कागद तसाच घडी करून मी त्यांना परत दिला. बाईंनी तो वहीत ठेवला आणि बाहेर जाऊन स्कूटीला किक मारली.