चमचा तोच, औषध चौपट!

औषध किती द्यायचे हे आपण सारेच विचारतो. पण ते औषध किती तीव्र आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. 'ताप आला की एक चमचा देते,' असे अनेक माता मला सांगतात. कशाचा चमचा, असे विचारले की उत्तर येते, 'ते गुलाबी औषध.' माझ्या मते धोका या उत्तरातच आहे.

पॅरासिटामॉलचेच उदाहरण घेऊ. तान्ह्या बाळाच्या थेंबांत बहुधा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. मोठ्या मुलांच्या सायरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २५ किंवा ५० मिलिग्रॅमच. थेंब बाळाचे म्हणून सौम्य, हा समज चुकीचा आहे. बाळाला थोडक्यात पाजता यावे म्हणून ते मुद्दाम तीव्र बनवतात. १२५ च्या सायरपऐवजी थेंबांचे ५ मिलिलिटर पाजले, तर पोटात ५०० मिलिग्रॅम जाते. १० किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम पुरेसे असते. जादा मात्रा पुनःपुन्हा गेली तर यकृताला इजा होते.

मधुमेहींचेही तसेच. आपल्याकडे इन्सुलिन १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतेचे मिळते. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजने '२० युनिट' ओढले, तर प्रत्यक्षात ५० युनिट टोचले जातात. रक्तातील साखर एकदम उतरते. घाम, थरथर आणि वेळीच उपाय न झाल्यास बेशुद्धी!

त्यातच तीव्रता लिहिण्याच्या तऱ्हा अनेक. सलाईनवर ०.९ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ. ॲड्रिनॅलिनवर १:१००० किंवा १:१००००, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम किंवा त्याचा दहावा भाग. एका शून्याची गफलत झाली की मात्रा दहापट! याच कारणाने अमेरिकेत २०१६ पासून ॲड्रिनॅलिनच्या लेबलवरून गुणोत्तर काढून टाकले आणि मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर लिहिणे सुरू झाले.

कोणी म्हणेल, डॉक्टरांनी सांगितले तेवढे द्यावे, घरच्यांना हे गणित कशाला? परंतु डॉक्टरांनी 'एक चमचा' लिहिले आणि दुकानदाराने दुप्पट तीव्रतेची बाटली दिली, तर चूक पकडणार कोण? घरातले चमचेही लहानमोठे असतात.

म्हणून माझे म्हणणे असे : प्रत्येक पातळ औषधाच्या लेबलवर '१ मिलिलिटरमध्ये इतके' हे मराठीत, ठळक अक्षरांत छापले जावे. आम्ही डॉक्टरांनी चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर, दोन्ही लिहावेत. आणि आपण बाटली घेताना तीव्रतेचा आकडा वाचून चिठ्ठीशी ताडून पाहावा, सोबतच्या मापानेच औषध द्यावे आणि एका बाटलीचे माप दुसरीला वापरू नये. आकडा जुळत नसेल, तर पहिला घोट पाजण्यापूर्वी दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारावे. त्यात संकोच कसला?