दम कोणी सोडला?

प्रो कबड्डी सुरू झाली की आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक ठरलेला डायलॉग ऐकू येतो. "कबड्डीत आता पहिल्यासारखी मजा नाही राव. मातीतला खेळ होता, यांनी मॅटवर नेऊन वाट लावली." बोलणाऱ्याने शाळा सोडल्यापासून एकदाही चढाई केलेली नसते, पण उसासा मात्र अस्सल असतो.

तर मंडळी, या शनिवारी या उसाशाचाच समाचार घ्यायचा आहे. मॅच बघणारा चुकून 'वा' म्हणाला की लगेच मातीची आठवण काढणारे हे लोक चुकीच्या गोष्टीसाठी रडतायत, असं माझं स्पष्ट मत आहे. रडण्यासारखं आहे बरंच काही, पण ते दुसरीकडे आहे.

आधी नियमांचं बघू. हुतूतू हा खेळ कधीच एका जागी थांबलेला नव्हता. संजीवनी, गमिनी, अमर असे त्याचे निरनिराळे प्रकार होते. एकात बाद झालेला गडी परत जिवंत व्हायचा, एकात बाहेरच बसायचा, एकात तर मैदान सोडायचाच नाही. १९२० च्या आसपास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर नियम लिहून काढले गेले, म्हणून निदान एका गावचा संघ दुसऱ्या गावच्या संघाशी भांडणाशिवाय खेळू लागला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला जाऊन हा खेळ जगाला दाखवला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी उभं आयुष्य घालवून त्याला देशभर आणि देशाबाहेर नेलं, म्हणून १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आपण कबड्डीदिन म्हणून पाळतो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत खेळाला पदक मिळालं. या सगळ्या लोकांनी खेळ बदललाच की! आहे तसा ठेवला असता तर तो गल्लीत राहिला असता.

आता चढाईला ३० सेकंद असतात. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद. समोर तीन किंवा त्याहून कमी गडी असताना त्यांनी पकड केली तर अव्वल पकड, म्हणजे एक गुण जास्त. एका सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने बघा. जुन्या खेळात आघाडीवर असलेला संघ मध्यरेषेजवळ रेंगाळून वेळ काढायचा, हा सरळसरळ बग होता. आणि दम तुटला की नाही हे पंचाच्या कानावर अवलंबून! किती सामने त्यावरून हातघाईवर आले असतील देव जाणे. घड्याळ कोणाच्या गावचं नसतं. अव्वल पकडीमुळे तर लोण चढायला आलेला संघसुद्धा शेवटपर्यंत झुंजतो. या नियमांनी खेळ बाटवला म्हणणाऱ्याने एक सामना नीट बसून बघावा.

असाच एक खेळ तिकडे इंग्लंड-ऑस्ट्रेलियात आहे, रग्बी लीग. तो जन्मालाच पैशाच्या भांडणातून आला. १८९५ साली उत्तर इंग्लंडच्या क्लबांचं म्हणणं होतं की खाणीत-गिरणीत राबणारा गडी मॅचसाठी रजा घेतो, त्याची बुडालेली मजुरी तरी द्या. साहेब लोकांनी नाही म्हटलं, यांनी वेगळी चूल मांडली. पुढे तिथेही हाच बग निघाला. एक संघ बॉल धरून ठेवायचा तो सोडायचाच नाही. मग १९६६-६७ च्या सुमारास नियम आला की चार वेळा अडवलं की बॉल दुसऱ्याला. काही वर्षांत चाराचे सहा झाले. तेव्हाही म्हातारे म्हणाले असतील, मजा गेली. खेळ टिकला, वाढला.

मग रडायचं कशासाठी? सांगतो.

प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली तेव्हा लिलावातली सर्वात मोठी बोली होती १२ लाख ८० हजारांची, राकेश कुमारवर. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांच्या वर बोली गेली. मला याचा आनंदच आहे. गुडघे फोडून खेळणाऱ्याला बँकेतली किंवा रेल्वेतली नोकरी हीच काय ती आशा, हे दिवस संपले तर उत्तमच. जुन्या 'हौशी' खेळाचं ज्यांना कौतुक आहे त्यांनी महिनाभर बिनपगारी काम करून दाखवावं.

पण हा पैसा कुठपर्यंत येतो? माझं गाव औंढा नागनाथ. आमची जमीन काळी. पावसाळ्यात मैदानाचा चिखल, उन्हाळ्यात त्याला भेगा. मुरूम-माती आणून टाकली, पाणी मारलं, दाबलं, तर चार दिवस खेळण्यापुरतं मैदान होतं. त्यावर तयार झालेला पोरगा निवड चाचणीला जातो, तर तिथे मॅट. मातीत पाय रुततो, मॅटवर बूट पकडतो. वळणं वेगळी, घसरणं वेगळं, पकडीला झेप घ्यायचा अंदाजच वेगळा. जो पोरगा रोज मॅटवर आहे, त्याच्यापुढे हा पहिल्या पाच मिनिटांत बाद. मग आपण म्हणायचं, "मराठवाड्यातल्या पोरांत दम नाही." दम आहे हो, मॅट नाही!

म्हणजे 'माती वाचवा' म्हणणारे नकळत याच पोराच्या पायावर धोंडा मारतायत. मोठ्या स्पर्धा मातीवर परत येणार नाहीत. मग पोराला मातीतच ठेवणं म्हणजे संस्कृती जपणं कसलं, त्याला दाराबाहेर उभं करणं आहे. आमच्याच तालुक्यात गुरुत्वीय लहरी मोजणारी लायगो वेधशाळा उभारायला केंद्राने २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले. विज्ञानासाठी तो पैसा लागतोच, माझी तक्रार नाही. पण मग प्रत्येक तालुक्याच्या गावी छपराखाली बारा महिने वापरता येईल असं एक मॅट, ही मागणी फार मोठी आहे का?

पोरं निदान स्वप्न तरी बघू शकतात. टाकळीभानचा अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार झाला आणि १ मार्च २०२४ ला त्याच्या संघाने करंडक उचलला. पोरींचं काय? २०१६ मध्ये पुरुषांच्या हंगामाला जोडून महिलांची एक छोटी स्पर्धा घेतली, तीन संघांची. अंतिम सामना २४-२३ असा एका गुणाने सुटला. याहून चांगली जाहिरात कोणती? पण पुढच्या वर्षी गायब. भारतीय महिलांनी २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण जिंकलं, तेही २६-२५ असं, तरीही प्रो कबड्डीने आपल्या मॅटवर महिलांची पूर्ण लीग भरवलेली नाही. तिकडे ऑस्ट्रेलियात महिलांची रग्बी लीग २०१८ मध्ये चार संघांनी सुरू झाली आणि २०२५ मध्ये तिचे बारा संघ होते. आपण तीन संघ केले आणि दुकान बंद. 'मार्केट नाही' हे उत्तर मला चालणार नाही. २०१४ च्या आधी पुरुषांच्या कबड्डीलाही मार्केट नव्हतंच.

आणि शेवटचा मुद्दा, मालकीचा. २०२५ च्या हंगामातले सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाले. महाराष्ट्राचे दोन संघ, आणि महाराष्ट्रात एकही सामना नाही! पुणेरी पलटण अंतिम फेरीत पोचली, पण पुणेकराने ती टीव्हीवर बघितली. कोणी हूं की चूं केलं नाही. सिडनीत साउथ सिडनी नावाच्या जुन्या क्लबला १९९९ च्या हंगामानंतर लीगमधून काढलं, तर हजारो लोक रस्त्यावर उतरले, क्लब कोर्टात गेला आणि २००२ मध्ये परत आला. २०१४ मध्ये तर विजेताही झाला. त्यांनाही खेळ बदललेला आवडला नव्हता. पण ते कॅन्टीनमध्ये उसासे टाकत बसले नाहीत. आपला खेळ आपला आहे, असं ठणकावून सांगायला ते गेले.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "मातीची मजा गेली" म्हणालं, तर त्याला तीन प्रश्न विचारा. तुझ्या तालुक्यात मॅट आहे का? तुझ्या जिल्ह्यातल्या पोरीने खेळून पुढे जायचं कुठे? आणि तुझ्या नावावर खेळणारा संघ तुझ्या गावात का येत नाही? उत्तरं नसतील तर ती शोधायला जिल्हा संघटनेला, क्रीडा कार्यालयाला, आमदाराला एक पत्र तरी लिही म्हणावं. ईमेल ड्राफ्ट करायला मी मदत करीन, फुकट. :-)

असो. खेळाने अजून दम सोडलेला नाही. मध्यरेषेवर रेंगाळतोय तो आपण प्रेक्षकच.