सगळी सेटिंग असता?



आयपीएलचे दिवस आले की मालवणच्या किनाऱ्यावर एक वाक्य सारखं कानावर पडतं. शेवटच्या षटकात झेल सुटला, जम बसलेला फलंदाज धावबाद झाला, गोलंदाजाने लागोपाठ दोन वाइड टाकले, की ओटीवर टीव्हीसमोर बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतंच, "सगळी सेटिंग असता!" माझ्या नववीच्या वर्गातली मुलंही हेच म्हणतात, आणि तेही मोठ्या माणसाच्या रुबाबात. सेटिंग ओळखणारा हुशार आणि सामन्यावर विश्वास ठेवणारा भोळा, असा त्यांचा हिशेब. घरातले मोठे बोलतात तेच मुलं उचलतात. म्हणून हा विषय मला नुसता खेळाचा वाटत नाही, तो घराचा वाटतो. एखाद्यावर आरोप झाला की आपण काय बोलतो, कसं बोलतो, यावरून आपली मुलं इन्साफ शिकत असतात.

आज चाळिशी ओलांडलेल्यांना वर्ष २००० आठवत असेल. त्याआधीची पंधरा वर्षं मोहम्मद अझरुद्दीन हे आपल्या घरांतलं लाडकं नाव होतं. १९८४-८५ च्या मोसमात इंग्लंडविरुद्ध पहिल्या तीन कसोट्यांत तीन शतकं, मनगटाचे ते अलगद फटके, नंतर भारताचं कर्णधारपद. हैदराबादच्या साध्या घरातला हा मुलगा अख्ख्या देशाचा कर्णधार आहे, या गोष्टीचा आपल्याला वेगळा अभिमान होता. तो लपवायचंही कारण नव्हतं.

७ एप्रिल २००० रोजी दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचं सट्टेबाजाशी झालेलं फोनवरचं संभाषण उघड केलं. चार दिवसांत क्रोनिएचं कर्णधारपद गेलं. त्याने चौकशी आयोगापुढे सांगितलं, की एका सट्टेबाजाशी आपली ओळख अझरने करून दिली. अझरने ते नाकारलं. सीबीआयचा अहवाल आला आणि ५ डिसेंबर २००० रोजी क्रिकेट नियामक मंडळाने अझरवर आजीव बंदी घातली. त्याच्या कसोट्या ९९ वरच थांबल्या. त्यातल्या शेवटच्या सामन्यातही त्याचं शतक होतं.

त्या दिवसांत दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येत होती. बाजारात, एस.टी.त, कचेरीत काही जण अझरच्या नावावरून आपल्या माणसांना टोमणे मारत, जणू त्याचा जाब आपणच द्यायचा होता. एका माणसावर आरोप आणि हिशेब सगळ्या समाजाकडे, हा अन्याय होता आणि तो मनाला लागला. पण त्या दुखण्यातून आपल्यातल्या अनेकांनी दुसरं टोक गाठलं. "आपला आहे म्हणून अडकवला" हे उत्तर तयार झालं. खुद्द अझरनेही तेव्हा आपण अल्पसंख्याक असल्याने लक्ष्य झालो असं म्हटलं होतं, आणि पुढे त्याबद्दल माफीही मागितली होती.

ते उत्तर पुराव्यापुढे टिकत नव्हतं. त्याच निर्णयात अजय शर्मावर आजीव बंदी आली, अजय जडेजा आणि मनोज प्रभाकर यांच्यावर पाच-पाच वर्षांची. क्रोनिए तर धार्मिक वृत्तीचा ख्रिस्ती म्हणून नावाजलेला होता. त्याच वर्षी पाकिस्तानात न्यायमूर्ती कय्यूम यांच्या चौकशीनंतर सलीम मलिकवर आजीव बंदी आली. लालूच कोणाचा धर्म विचारत नाही, एवढंच त्या यादीवरून दिसत होतं.

अझरची गोष्ट तिथे संपत नाही. ८ नोव्हेंबर २०१२ रोजी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरवली. म्हणून आज मुलांना त्याच्याबद्दल सांगताना दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतात. मंडळाने त्याला दोषी धरलं, आणि न्यायालयात ती बंदी टिकली नाही. यातली एकच गोष्ट सांगणं सोपं आहे. कोणती सांगायची, ते आपण माणूस आवडतो की नाही यावरून ठरवतो, आणि नेमकी तिथेच गडबड होते.

२००० मध्येच आणखी एक प्रसंग घडला. मनोज प्रभाकरने कपिलदेववर पैशांची लालूच दाखवल्याचा आरोप केला. १९८३ चा विश्वचषक उंचावणारा कपिल टीव्हीवरच्या मुलाखतीत ढसाढसा रडला. लोकांनी त्याच्या अश्रूंचीही थट्टा केली. पुढे सीबीआयला त्याच्याविरुद्ध विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही, आणि आरोप करणाऱ्या प्रभाकरवरच बंदी आली. मग ज्यांनी त्या आठवड्यात "मला आधीपासूनच संशय होता" असं छातीठोकपणे सांगितलं होतं, त्यांच्या त्या संशयाची किंमत काय?

सेटिंग नजरेने ओळखता येते, हा आपला मोठा गैरसमज आहे. २०१३ चं प्रकरण आपल्या मुंबईतलंच. १६ मे रोजी पहाटे दिल्ली पोलिसांनी राजस्थान रॉयल्सच्या श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईचा अंकित चव्हाण यांना मुंबईत अटक केली. पोलिसांचं म्हणणं असं होतं, की सामना विकला गेलाच नव्हता, विकलं गेलं होतं एकेक षटक. ठरलेल्या षटकात ठरलेल्या धावा द्यायच्या आणि त्याआधी खूण करायची. श्रीशांतने कमरेला टॉवेल खोचला ती खूण, असं पोलीस म्हणाले. चंडिला खूण करायची विसरला म्हणून त्याला पैसे परत करावे लागले, असंही त्यांनी सांगितलं. खूण एवढी महत्त्वाची का? कारण षटक सुरू होण्याआधी सट्टेबाजाला आपले पैसे लावायचे असतात. त्याला सामन्याचा निकाल नको असतो, पाच मिनिटं आधीची पक्की खबर हवी असते.

आता विचार करा. गोलंदाज रोज टॉवेल खोचतात. षटकात चौदा धावा रोज जातात. राहुल द्रविड त्या संघाचा कर्णधार होता. खेळाची एवढी जाण असलेला माणूस त्याच मैदानावर उभा होता आणि त्याला सुगावा लागला नाही. मग ओटीवर चहा पिता पिता आपल्याला कसा लागतो? क्रोनिएचं बिंग फुटलं तेही मैदानावरच्या कोणत्या चेंडूमुळे नाही. पोलीस खंडणीच्या एका प्रकरणात फोन ऐकत होते, त्यात ते सापडलं. असे प्रकार फोनच्या नोंदीतून, पैशाच्या मागावरून, साक्षीदारांकडून उघड होतात. सुटलेला झेल हा पुरावा नसतो, तो बहुतेक वेळा सुटलेला झेलच असतो.

२०१३ च्या खटल्याचं पुढे काय झालं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांसह ३६ जणांना आरोपमुक्त केलं. लावलेल्या मोक्कासाठी पुरेसा पुरावा नव्हता, आणि मॅच फिक्सिंग हा आपल्या कायद्यात स्वतंत्र गुन्हाच नव्हता. क्रिकेट मंडळाची बंदी मात्र कायम राहिली. पुढे श्रीशांत आणि चव्हाण यांची आजीव बंदी सात वर्षांवर आणली गेली. म्हणजे कायद्याचा निकाल एक, खेळाच्या शिस्तीचा निकाल दुसरा. आपला निकाल मात्र अटकेच्या पहिल्याच दिवशी लागलेला होता.

हे मी मोठ्या मैदानांपुरतं लिहीत नाही. आपल्या किनाऱ्यावर थंडी सरली की टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. मंडळाचा चषक, रोख बक्षीस, प्रकाशझोत, माइकवर समालोचन. गेल्या वर्षी अशाच एका अंतिम सामन्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या हातून सोपा झेल सुटला. चेंडू दिव्याच्या झोतात दिसेनासा झाला होता. घरी पोहोचेपर्यंत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने पैसे घेतल्याची चर्चा सुरू झाली होती. कोणी दिले, किती दिले, कोणालाच माहीत नव्हतं. हसण्याच्या खुणा टाकत पन्नास जणांनी ती पुढे पाठवली. तो मुलगा महिनाभर मैदानाकडे फिरकला नाही. त्याची आई मला म्हणाली, "टीचर, हरल्याचं काही नाही, पण चोर म्हटलं ना." ज्यांनी ते लिहिलं त्यांतल्या बहुतेकांना आता ते आठवतही नसेल.

सूरह हुजुरातमध्ये आलेल्या खबरेची आधी खातरजमा करण्याची आणि गुमानापासून दूर राहण्याची ताकीद आहे. सूरह निसामध्ये साक्ष स्वतःच्या किंवा आईबापांच्या विरोधात जात असली तरी इन्साफावर उभं राहण्याचा हुकूम आहे. चाहत्याच्या दोन्ही चुकांवरचं उत्तर यात आलं. पुरावा नसताना दुसऱ्याला चोर ठरवायचं नाही, आणि पुरावा आल्यावर आपल्याला पाठीशी घालायचं नाही. पहिली गोष्ट परक्यासाठी अवघड, दुसरी आपल्या माणसासाठी.

आणि शिक्षा भोगून झाल्यावर? इथे मला स्नूकरचं उदाहरण द्यावंसं वाटतं. टेबलावर रंगीत चेंडू काठीने खिशात घालण्याचा हा खेळ आपल्याकडे कॅरमइतका घराघरांत नाही, पण त्याचा जन्म हिंदुस्थानातलाच, १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी छावणीतला. यात खेळाडू एकटा असतो, त्यामुळे त्याला विकत घेणं सोपं. २०२३ मध्ये दहा चिनी खेळाडूंवर कारवाई झाली. दोघांना आजीव बंदी झाली. झाओ शिनतोंग या तरुणाने स्वतः सामना विकला नव्हता, पण दुसऱ्याच्या फिक्सिंगमध्ये त्याचा सहभाग होता आणि त्याने सामन्यांवर पैसे लावले होते. त्याने ते कबूल केलं आणि वीस महिन्यांची बंदी भोगली. मे २०२५ मध्ये तोच झाओ जगज्जेता झाला, हा मान मिळवणारा आशियातला पहिला खेळाडू. त्याचं कौतुक करावं की नाही यावर चाहत्यांत दोन तट पडले. मला वाटतं, ज्याने कबूल केलं, शिक्षा पुरी भोगली आणि सरळ खेळून परत आला, त्याच्यासाठी दार उघडं असावं. तौबेचं दार आपण माणसांनी बंद करायचं नसतं. फक्त झालेलं विसरून जायचं नाही, आणि मुलांना सांगताना गाळायचंही नाही.

शेवटी थोडं आपल्या खिशाबद्दल. फिक्सिंग झालं की चाहता म्हणतो, मी फसलो. पण ज्या पैशांनी खेळाडू विकत घेतला जातो तो आभाळातून पडत नाही. तो लाखो लोकांनी लावलेल्या पन्नास-शंभर रुपयांतून जमतो. 'या षटकात किती धावा' यावर पैसे लावणारा कोणी नसेल, तर ते षटक विकत घेऊन सट्टेबाज करणार काय? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, हे चांगलंच झालं. पण फोनवरून आकडे घेणारे आहेतच, आणि मुलांच्यात "हरलास तर पार्टी" पासून सुरुवात होते ती आहेच. जुगार हराम आहे हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ असतं. आयपीएलच्या दिवसांत मात्र त्याला 'गंमत' असं नाव पडतं. त्या गंमतीत सामील होणाऱ्याने निदान "सगळी सेटिंग असता" ही तक्रार तरी करू नये.

आपल्याकडे रापण ओढतात तेव्हा दोर धरणाऱ्या प्रत्येकाला वाटा असतो. एखाद्याने दोर नुसता धरला आणि ओढलाच नाही, तर ते लगेच दिसत नाही, पण जाळं जड लागतं. फिक्सिंग करणारा खेळाडू तसा. आणि उगाच संशय घेणारा किनाऱ्यावर उभं राहून, जोर लावून ओढणाऱ्यालाच कामचुकार म्हणतो. त्याने जाळं हलकं होत नाही, उलट खरा ओढणाराही दोर सोडून जातो.

सचिन तेंडुलकरचे गुरू रमाकांत आचरेकर यांचा जन्म मालवणचा, हे आपल्या मुलांना मी दरवर्षी सांगते. सरावाच्या वेळी ते स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. जो सचिनला बाद करील त्याला ते मिळे, आणि सचिन नाबाद राहिला तर नाणं त्याचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. त्या एका रुपयात कष्टाशिवाय काही नव्हतं. या सुट्टीत मुलांना किनाऱ्यावर घेऊन जा, स्टंपवर एक नाणं ठेवा, आणि ज्याचा झेल सुटेल त्याला म्हणा, "असू दे, पुढचा घे."

पुढच्या महिन्यात भेटूच, इन्शाअल्लाह.