एका पाळीत उरकलेला अल्बम

१६ ऑक्टोबर १९६९ रोजी बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली चार पोरं लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत शिरली आणि कारखान्यातल्या लांबलेल्या पाळीइतक्या वेळात, साधारण १२ तासांत, आपला पहिला अल्बम वाजवून मोकळी झाली. खर्च सुमारे ६०० पौंड. बहुतेक गाणी समोरासमोर उभं राहून, थेट वाजवलेली. ‘ब्लॅक सॅबथ’ हे बँडचं नाव, अल्बमचं तेच आणि पहिल्या गाण्याचंही तेच. १३ फेब्रुवारी १९७० च्या शुक्रवारी तो बाजारात आला. हेवी मेटलची जन्मतारीख विचारली की आज बहुतेकजण हीच सांगतात. लेड झेपेलिन या बँडचे चाहते हरकत घेतात; घेऊ द्या.

या जन्मकथेत एक वाक्य हटकून येतं: कारखान्यातल्या घणांचा आवाज या संगीतात उतरला. ऐकायला बरं वाटतं. पण घण शेफील्डमध्येही पडत होते आणि ग्लासगोच्या गोद्यांतही. बर्मिंगहॅमने या बँडला जे दिलं ते याहून फार ठोस होतं, आणि त्याची किंमत गिटारवादक टोनी आयोमीने मोजली.

सतरा वर्षांचा आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीचा शेवटचा दिवस. कुणीतरी कामावर आलं नाही म्हणून त्याला प्रेसवर उभं केलं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी हीच. फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत हात भाजल्यावर हा माणूस दोनच बोटांनी गिटार वाजवत असे. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, घासून घासून मापात आणल्या, वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. जाड तारा सोसेनात म्हणून बँजोच्या पातळ तारा चढवल्या. टोपीखाली तारेचा स्पर्श कळत नाही, तेव्हा भरभर बोटं फिरवण्यापेक्षा दोन-तीन सुरांचे जाडजूड ठोकळे ठेवून देणं त्याला सोयीचं पडलं. पुढे १९७१ च्या तिसऱ्या अल्बमला गिटारच खालच्या सुरात उतरवली. अवजार हाताला बसत नसेल तर अवजार बदलायचं, हे फिटरचं डोकं होतं.

अल्बमच्या पहिल्याच गाण्यात तीन सुरांची एक रांग आहे: सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. बासवादक गीझर बटलरला संगीतकार होल्स्टच्या ‘मार्स’ या रचनेचं वेड होतं, तिथून हे बीज आलं. पंचमाचा आधार मिळतच नाही. मारवा ऐकलेल्या कानाला ही बेचैनी परकी वाटू नये.

समीक्षकांना मात्र ती मुळीच रुचली नाही. ‘रोलिंग स्टोन’मध्ये लेस्टर बँग्जने अल्बमला क्रीम या बँडची वाईट नक्कल ठरवलं. ब्लूज कोण किती सफाईने वाजवतो हीच तेव्हाची मोजपट्टी, आणि तिच्यावर हा अल्बम नापासच होणार होता. श्रोत्यांनी ब्रिटनमध्ये त्याला आठव्या क्रमांकावर नेलं, अमेरिकेत तेविसाव्या.

शहराला जाग यायला अर्धशतक लागलं. तोवर तिथले बरेचसे कारखाने बंद पडले होते. २०१९ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवरच्या पुलाला बँडचं नाव मिळालं. शहरातच भरलेल्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या समारोपात आयोमी आणि गायक ऑझी ऑस्बर्न यांना वाजतगाजत मंचावर आणलं गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅम रॉयल बॅलेने चक्क ‘ब्लॅक सॅबथ’वर बॅले रंगमंचावर आणला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला महापालिकेने तिजोरी रिकामी झाल्याची नोटीस काढली होती. पुढच्या वर्षी ठरलं की या बॅले कंपनीसह शहरातल्या मोठ्या कलासंस्थांचं अनुदान दोन वर्षांत शून्यावर आणायचं. मग ५ जुलै २०२५ ला ॲस्टनमधल्याच व्हिला पार्क स्टेडियमवर चौघे शेवटचे वाजवायला आले. त्या कार्यक्रमाचा नफा जाहीर झाला होता तो पार्किन्सन्सच्या संशोधनासाठी, लहान मुलांच्या एका हॉस्पिससाठी आणि बर्मिंगहॅमच्याच मुलांच्या रुग्णालयासाठी.